लेकीसाठी राखलेला रस

मी अननसाच्या रसाचा डबा बोलतोय. जवळ या, पण तोंड लावू नका. आता मी त्या लायकीचा उरलेलो नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा काय रुबाब होता माझा! आंबट रस पत्रा खातो, म्हणून माझ्या पोटात पातळसा लेप दिला होता. त्याच्या भरवशावर मी रस सांभाळायला निघालो.

मला विकत घेतलं एका शिंप्याने. अननस त्याचा जीव की प्राण. घरात पाऊल टाकताच म्हणाला, "अगं, पेले काढ."

बायकोने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "राहू द्या. लेक आली की उघडू." झाली माझी रवानगी फळीवर.

लेक परगावी नोकरीला. येते येते म्हणायची आणि यायची नाही. शिंपी मशीनवरून उठला की माझ्याकडे बघायचा. "घोटभर घेऊ का गं?"

"लहान मूल आहात का तुम्ही?"

मग तो हसून पाणी प्यायचा. मी गच्च भरलेला आणि हा पाणी पितोय, याचं मला फार वाईट वाटायचं.

बाई मात्र मला जिवापाड जपायची. असंच पुसताना एकदा निसटलो आणि दणकन फरशीवर आपटलो. बाहेर नुसता पोचा आला, पण आत लेपाला तडा गेला. रस उघड्या पत्र्याला भिडला आणि मला कुरतडू लागला. त्यातून वायू सुटायचा, पोट तटतटायचं. झाकण फुगलेलं पाहून बाई खूश! "बघा, कसा काठोकाठ भरलाय अजून!"

अखेर लेक आली. पेले मांडले. शिंप्याने भोक पाडलं तर फस्सकन फेस उडाला. रस काळपट, वास गंजका. तरी त्याने पेला भरून उचललाच.

"बाबा, ठेवा तो खाली! खराब झालंय ते."

"तुझ्यासाठीच राखला होता गं," बाई रडवेली झाली.

"माझ्यासाठी? आई, मला कुठे आवडतो अननस? बाबांना आवडतो."

बाई नवऱ्याकडे बघतच राहिली. "जाऊ दे गं," तो म्हणाला, पण पेला काही त्याच्या हातातून सुटेना.

आता मी मागच्या दारी कचऱ्यात पडलोय. तुमच्या फळीवर माझा कुणी भाऊबंद असेल, तर तो मागणाऱ्याला आजच उघडून द्या.

मघाशी बाई येऊन गेली. माझ्यावरचा पोचा तिने बोटाने चाचपला आणि पिशवीही न घेता, तशीच घरच्या चपलांनी बाजाराकडे निघाली. दुकान उघडं असू दे.