चरबी चोपडलेली केबल

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे आणि जमिनीखाली राहते. माझं एक टोक घरातल्या मीटरपाशी, दुसरं ओस्मोनकुल म्हाताऱ्याच्या कारखान्यात. तो लोकरी तंबू बनवतो. सरोवराच्या दोन्ही काठांना आपलेच तंबू उभे आहेत, हे तो दिवसातून एकदा तरी ऐकवतो.

मला पुरायला त्याचा जावई तालाय आला. तो शहरात वीजतंत्री. पण मी चार हात कमी पडले, कारण म्हाताऱ्याने अंतर नुसत्या नजरेने मोजलं होतं. मग मला मधोमध जोड द्यावा लागला.

तालाय सासऱ्याला अता, म्हणजे बाबा, म्हणतो. तो म्हणाला, "अता, जोड पाणी न शिरणाऱ्या डबीत घालू. केबल पाइपातून नेऊ आणि चर कमरेइतका खणू."

"डबी कसली?" सासरा हसला. "माझ्या आज्याच्या तंबूवर चाळीस वर्षं लोकरीचा जाड नमदा होता. थेंब आत आला नाही! नमदा गुंडाळ, वर मेंढीच्या शेपटीची चरबी चोपड. आणि चर वीतभर बास झाला."

आमच्याकडे जावई सासऱ्याला उलटून बोलत नाही. तालाय म्हणाला, "बरं, अता."

मी मात्र ईदच्या मटणासारखी घमघमू लागले. तिसऱ्या रात्री अक्तोश कुत्र्याने मला उकरून चरबी चाटूनपुसून खाल्ली. म्हाताऱ्याने दुप्पट चरबी लावली, तेव्हा शेजारचे दोन कुत्रेही आले. म्हाताऱ्याची बायको बुरमाकान रोज संध्याकाळी विजेचा खटका बंद करी म्हणून बिचारे वाचले. इतका मान मला पुढे कधीच मिळाला नाही.

मग बर्फ वितळलं. तंबूवरून पाणी ओघळून जातं. जमिनीत ते जाणार कुठे? नमद्याने ते पोटभर पिऊन घेतलं आणि मी आतून भिजले. भोकं पाडायचं यंत्र लावलं की वीज जायची.

त्यात धाकट्या लेकीचं, नुरझातचं लग्न नऊ दिवसांवर आलेलं. तिच्याबरोबर द्यायच्या पांढऱ्या तंबूच्या माथ्याच्या लाकडी कड्याला वासे खोचायला ऐंशी भोकं पाडायची होती. कडं नाही तर तंबू नाही, आणि तंबूशिवाय पाठवणी कशी करायची? म्हाताऱ्याने हाताने अकरा भोकं पाडली आणि खांदा धरून बसला. माझ्यामुळे लेकीचं लग्न अडणार, या विचाराने मला फार वाईट वाटलं.

बुरमाकान म्हणाली, "अहो, 'बरं, अता' म्हणताना जावयाचं तोंड पाहिलंत का? मिरची चावल्यासारखं झालं होतं. आता बोलवा त्याला."

म्हाताऱ्याने कुरकुरत फोन केला. "तालाय, ती तुझी डबी... आहे का रे?"

तालाय दुपारीच हजर झाला. "त्याच दिवसापासून गाडीत पडलीय, अता."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुम्ही मोठे."

"म्हणूनच सांगायचं! मोठ्या माणसाची चूकही मोठीच असते."

दोघांनी मिळून कमरेइतका चर खणला. जोड कोरडा करून डबीत बंद झाला, मी पाइपात शिरले. कडं आठव्या दिवशी पूर्ण झालं. नुरझातची पाठवणी झाली तेव्हा म्हातारा रडला आणि डोळ्यांत भुसा गेला म्हणाला.

मित्रांनो, आम्हा केबलींना खोल पुरा, आमचा जोड कोरडा ठेवा. आणि मोठ्यांचा मान राखायचाच असेल, तर त्यांची चूक त्यांना वेळेवर सांगा.