शिंगाचं बटण

"श्वास सोडा मालक. पोट आत ओढून जाकीट शिवलं तं जेवल्यावर बटणं समोरच्याच्या डोळ्यात जातीन," नागोराव शिंपी म्हणाला. टेप पुंडलिकरावांच्या कमरेभोवती फिरवताना त्याचा हात थंडगार लोखंडाला लागला, आणि अंगावर पाल पडावी तसा त्यानं तो मागे घेतला.

पुंडलिकराव खूश झाले. सदरा वर करून त्यांनी पायजम्याच्या नाडीत खोचलेलं पिस्तूल दाखवलं. नेर रस्त्यावर त्यांचं जिनिंग होतं. कापसाचा भाव रोज उतरत होता आणि मालकांच्या मनात येईल तेव्हा फाटकातला वजनकाटा बंद पडत होता. गेल्या हंगामात कोणीतरी जीपची काच फोडली, तेव्हाच ही जिनीस आली. लपवून बाळगायची म्हणून मालकांनी ती एव्हाना अख्ख्या गावाला दाखवली होती. राहिले असतील तर बैलच. पण नाडीतून ती मांडीवर घसरायची, म्हणून जाकिटाला आतून चोरखिसा हवा होता.

"हे पाहून ठेव," मालक म्हणाले. "हा खटका वर, म्हणजे बंद. खाली, म्हणजे चालू. आपला सदा खाली."

"अन् आत गोळी राह्यते?"

"मंग काय फुटाणे भरू? खटका लावून फिरायचं अशीन तं जिनीस कायले पाह्यजे, रुमणं घेऊन फिरतो ना."

दुकानाचा गाळा मालकांचाच. रोज सकाळी ते येत, दारातल्या स्टुलावर बसत, पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत आणि चिंध्यांच्या डब्यात लाल पिचकारी मारत. त्या चिंध्या नागोरावची बायको कुंदा गोधडीसाठी जपायची. बावीस वर्षं नागोराव तो डबा संध्याकाळी राखेनं घासत आला होता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'या मालक' म्हणत आला होता. डब्यापेक्षा त्या दोन शब्दांचीच त्याला अलीकडे जास्त शिसारी यायची.

कुंदा खाली जमिनीवर बसून काज-बटण करायची. ती इतकी वर्षं एकाच जागी बसली होती, की भिंतीवर तिच्या डोक्याच्या तेलाचा काळा गोल उमटला होता. मालक स्टुलावर बसले की नाडीतल्या पिस्तुलाचं तोंड नेमकं तिच्या भांगावर यायचं. नागोरावनं टाके घालताना हे पाहिलं आणि त्या दिवशी एक पायजमा उलटा शिवला.

शेवटी तो म्हणाला, "मालक, त्याचं तोंड जरासं रस्त्याकडं करता का? कुंदा बसून हाये."

मालक खो खो हसले. "घाबरून राह्यली का वहिनी? अवं, तुमच्यावर कोण गोळी खर्च करते?"

तिनं दोरा दातानं तोडला.

चोरखिशाच्या मापासाठी मालक पिस्तूल रिकामं करून, गोळ्या घेऊन, ते दुपारभर दुकानात ठेवून गेले. कुंदानं तेवढ्या वेळात ते शेणाचा पो उचलावा तसं दोन बोटांनी उचललं आणि खटका खालीवर करून पाहिला. मग डब्यातून एक शिंगाचं बटण काढलं. सातदा लावलं, सातदा उसवलं. आठव्यांदा दोऱ्याचा पाय असा उंच ठेवला, की पिस्तूल खिशात सरकताना बटण ताठ उभं राहून खटका वर ढकलायचं आणि काढताना आडवं पडून मुकाट वाट द्यायचं. नागोरावनं वीसदा घालून-काढून पाहिलं. विसाव्यांदाही खटका वरच.

"बोलशील कोनाजवळ?" त्यानं विचारलं.

"बटणाचं काय बोलायचं असते," कुंदा म्हणाली.

तेव्हापासून मालक सकाळी सर्वांसमोर खटका खाली करत, पिस्तूल झोकात खिशात सारत, आणि बटण आपलं काम करी. दुसऱ्या दिवशी खटका वर दिसला की त्यांना वाटायचं, रात्री बायकोनं भिऊन हात लावला. विमलताई अशी भित्री, विमलताई तशी बावळट, असं ते स्टुलावर बसून सांगायचे. नागोराव हं हं करायचा. कुंदाची सुई तेवढी थांबायची.

मग फाल्गुनात काटा सलग तीन दिवस बंद राहिला. गाड्यांची रांग ओढ्यापर्यंत गेली. चौथ्या दिवशी तांड्यावरचा किसनसिंग गाडीवरून उतरला आणि काट्यावर मांडी घालून बसला. "मापा आता," म्हणाला, "माह्यासकट." लोक हसले. ते हसू मालकांना लागलं. त्यांनी जाकिटातून पिस्तूल काढलं, चार हातांवरून किसनसिंगच्या छातीवर धरलं आणि घोडा दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. किसनसिंगनं मिटलेला एक डोळा उघडून पाहिलं. मग रांगेत मागून कोणीतरी फस्सकन हसलं आणि हसू ओढ्यापर्यंत गेलं.

तक्रार करायला कोणी गेलं नाही. दुपारी काटा सुरू झाला, आणि लोकांना काटाच हवा होता. किसनसिंगनं देवीला नारळ फोडला. "याडीनं वाचवलं," म्हणाला. त्यांच्यात आईला याडी म्हणतात. नागोरावला रात्रभर एकच दिसत होतं: भीती दाखवायला नाही, मारायलाच दाबलं होतं. दोनदा.

तिसऱ्या दिवशी विमलताई पोलक्याचं कापड घेऊन आल्या. बाही मनगटापर्यंत हवी म्हणाल्या. बाहेर रस्त्याचं डांबर पाघळत होतं. कुंदानं माप घ्यायला पदर सारला, तर कोपरापासून खांद्यापर्यंत हात निळा-काळा.

"मी त्या जिनसेले कधी शिवलीसुद्धा नाही वो," विमलताई एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आले. स्टुलावर बसले, पन्नी काढली. म्हणाले, बायकोनं घात केला, नाहीतर दाखवलंच असतं. आता समजावून सांगितलंय तिला.

कुंदा उठली. "जाकीट द्या मालक."

काही उसवलं असेल म्हणून त्यांनी पिस्तूल काढलं, सवयीनं खटका खाली करून ते मांडीवर ठेवलं आणि जाकीट दिलं. तिनं खिसा उलटा केला.

"हे बटण म्या लावलं. खटका याच्यानं वर जाते. बाईनं हात नाही लावला."

मालकांचं तोंड खर्ऱ्यानं भरलेलं होतं. "काहून?" एवढंच आलं, आणि लाल धार त्यांच्याच पांढऱ्या सदऱ्यावर उतरली.

"माह्यावर कोण गोळी खर्च करते, म्हणलं होतं तुमी. पण त्या जिनसेले ते कोनं सांगतलं?"

तिनं दोरा दातानं तोडला, बटण मुठीत घेतलं, जाकीट परत दिलं. मालकांनी मांडीवरचं पिस्तूल पाहिलं. त्याचं तोंड त्यांच्याच गुडघ्याकडे होतं. त्यांनी हळूच, अंगठ्यानं, खटका वर केला. मग म्हणाले, आठ दिवसांत गाळा खाली करा.

"बरं, पुंडलिकराव," नागोराव म्हणाला. त्या नावाची चव त्याला बावीस वर्षांत पहिल्यांदा कळली.

आठ दिवसांत कुंदानं हाती घेतलेलं सगळं काम संपवलं. विमलताईंचं पोलकंही. बाही मनगटापर्यंत, आणि मनगटाशी ते शिंगाचं बटण.

नवव्या दिवशी किसनसिंगच्या गाडीवर मशीन बांधलं. नेरच्या स्टँडजवळ एका पडवीत जागा मिळाली होती. भिंतीवरचा काळा गोल तेवढा मागे राहिला. किसनसिंग वाटभर देवीचं सांगत होता आणि ती दोघं ऐकत होती. कुंदा गाडीत स्टुलावर बसली होती.

मालकांच्या घरावरून गाडी गेली तेव्हा दुपार होती. विमलताई ओट्यावर सुपानं तूर पाखडत होत्या. रस्त्यानं माणसं जात-येत होती. नवं पोलकं अंगावर होतं. बाही पार खांद्यापर्यंत दुमडून वर सारलेली, निळा-काळा हात उघडा. त्यांनी गाडी पाहिली, पण बाही खाली ओढली नाही. सूप वरखाली होत राहिलं.

बरंच पुढं गेल्यावर कुंदा म्हणाली, "बाहीचं काज म्या सैलच ठेवलं होतं."