दुसरी गोळी

क्षमाने बाटलीचं बूच काढून एक गोळी सासूच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचं फुलपात्र पुढे केलं.

"एकच ना गं?" गॅलरीच्या दाराबाहेर चटईवर बसलेल्या पद्मजाने विचारलं. "आणि आईंना एकदम उठू देऊ नकोस. आधी पाय खाली सोडून बसू दे."

"कळतं मला, जाऊबाई."

पद्मजा कालपासून बाजूला बसली होती. त्या दिवसांत तिचा हात घरात कशालाच लागायचा नाही, तसा सासूच्या औषधालाही नाही. एरवी रक्तदाबाची ही गोळी म्हणजे थोरल्या सुनेची मिरास. गोळी घेतली की जानकीबाई तिचा हात धरून बसायच्या आणि मग मुलुंडच्या बाजारात भाजी काय आली इथपासून धाकट्याच्या नोकरीचं कसं चाललंय इथपर्यंत दोघींची कुजबुज चालायची. क्षमा आत चहा गाळत ते ऐकायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लग्नाला तिसरं वर्ष लागलं, पण सासूने तिच्याकडे मागितलं काय, तर आंघोळीचं पाणी! आज मात्र बाटली तिच्या ओच्यात होती.

दुपारी जानकीबाईंनी कपाळ दाबून धरलं.

"डोकं ठणकतंय गं. पद्मा असती तर..."

पद्मजा बाहेर डुलकी काढत होती. क्षमाला ते नाव मिरचीसारखं झोंबलं. पद्मा असती तर काय करणार होती मोठी? दिवसाला एकच, डोकं दुखलं तरी वाढवायची नाही आणि विचारल्याशिवाय बंदही करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं तिच्याही कानावर पडलं होतं. पण एकीने उतार पडतो, तर दोन घेतल्यावर लवकर पडेल, आणि मग सासू म्हणेल, धाकटीच्या हाताला गुण आहे. तिने बाटली काढली.

"आणखी एक घ्या, आई. बरं वाटेल."

जानकीबाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि गोळी घेतली.

चहाच्या वेळी त्या खाटेवरून उठल्या आणि लगेच त्यांचा तोल गेला. क्षमा किंचाळली. ती पुढे होण्याआधी पद्मजा उंबरा ओलांडून आत आली होती. तिने सासूला अंगावर झेललं, खाली निजवलं, पायांखाली उशी सारली.

"किती दिल्यास?"

क्षमाने ओच्यातली बाटली मुठीत घट्ट धरली.

"अगं, डॉक्टरांना सांगायला हवं. किती?"

"दोन," क्षमा म्हणाली आणि अनवाणीच दवाखान्याकडे धावत सुटली.

डॉक्टर आले तेव्हा जानकीबाई शुद्धीवर होत्या. डॉक्टरांनी दाब मोजला, नाडी पाहिली.

"आज आडवंच राहायचं. उद्याची गोळी मी येऊन पाहीन, मगच घ्यायची." मग त्यांनी दोघी सुनांकडे वळून पाहिलं. "दुसरी दिली कुणी?"

क्षमाने खाली मान घातली.

"मीच मागितली," जानकीबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "ही बिचारी नको नको म्हणत होती. मीच ऐकलं नाही."

डॉक्टरांनी जानकीबाईंना चांगलंच फैलावर घेतलं.

डॉक्टर गेले. क्षमा भिंतीला टेकून हमसाहमशी रडायला लागली. जानकीबाईंचा हात अजून पद्मजाच्या हातात होता, पण डोळे क्षमावर होते. पद्मजा ते बघत राहिली. एकदा तिच्या हातून दूध उतू गेलं, तेव्हा सासूने सगळ्यांसमोर तिचंच नाव सांगितलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईने तिच्यासाठी एक शब्द खोटा बोललेला तिला आठवेना.

तिने हात सोडवून घेतला.

"मी शिवलेय तुम्हाला, आई," ती म्हणाली. "बरं वाटलं की आंघोळ करा."

आणि उंबऱ्याबाहेर जाऊन, घराकडे पाठ करून ती चटईवर बसली.