उसनी पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे, आणि तीही प्लास्टिकची. नाक मुरडू नका. आमच्याबद्दल तुम्हाला शाळेत काय काय शिकवतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यातलं बरंचसं खरंच आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकते. मला काही वाटत नाही. ऊन, थंडी, भूक, कौतुक, सगळं मला सारखंच. तेव्हा माझ्याकडून रडण्याबिडण्याची अपेक्षा ठेवू नका. जे पाहिलं ते सांगते.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. पांढरे दाणे वितळवायचे, त्यांची लांबच लांब नळी फुगवायची, ती चपटी करून कापायची, खालची कड तापवून चिकटवायची. वर हात घालायला भोक पाडलं की झाली पिशवी. माझ्या अंगावर निळ्या शाईने एक मोर छापला आणि त्याच्याखाली ‘शिवप्पा चादरवाले, सोलापूर’ असं लिहिलं. मग मला शेकडो बहिणींबरोबर गठ्ठ्यात बांधून रेल्वेत टाकलं. साल होतं एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर.

सोलापूरची चादर तुमच्यापैकी कुणी पांघरली नसेल असं होणार नाही. शिवप्पांचं दुकान त्याच चादरींचं. शिवप्पा म्हणजे उंच, कपाळावर विभूती लावणारा, घरी कानडी आणि दुकानात मराठी बोलणारा माणूस. बोलणं मोजकं आणि व्यवहार चोख. गिऱ्हाइकापुढे चादरी उलगडून टाकायला हरिदास होता. हा तरुण, चटपटीत, दहा चादरी दाखवल्या तरी तोंडावर आठी नाही. आणि दुकानाच्या मागच्या दारात, पायरीवर, सुई-दोरा घेऊन बसलेली असायची केराबाई.

केराबाई सांगोल्याकडची. बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून सासूला घेऊन सोलापुरात आली ती इथेच राहिली. नवरा आधीच गेलेला. घरात तोंडं दोनच, ती आणि तिची म्हातारी सासू बजाबाई. बजाबाईला डोळ्यांनी दिसत नव्हतं. केराबाईचं काम म्हणजे दुकानासाठी जाड कापडाच्या पिशव्या शिवणं, परत आलेल्या धुणं आणि फाटलेल्यांना ठिगळ लावणं.

परत आलेल्या म्हणजे काय, ते सांगायला हवं. चादर जड असते, सुतळीला धरून नेली तर बोटं कापतात. म्हणून शिवप्पा गिऱ्हाइकाला चादर कापडी पिशवीत घालून द्यायचे. ती पिशवी विकत नव्हती आणि फुकटही नव्हती. उसनी होती. पुढच्या बाजाराला येताना घेऊन या, एवढंच ते म्हणायचे. नाव लिहून घेणं नाही, काही ठेवून घेणं नाही. आणि खेड्यापाड्यांतली माणसं मंगळवारच्या बाजाराला आली की न चुकता पिशवी आणून द्यायची.

आता उसनं भांडं रिकामं परत करू नये, ही रीत तुमच्या घरीही असेल. शेजारणीची वाटी परत करताना तुमची आई तिच्यात चिमूटभर साखर तरी घालतेच. तसंच त्या पिशव्यांचं. कुणी मूठभर ज्वारी घालायचं, कुणी भुईमुगाच्या शेंगा, कुणी हुलगे, कुणी चार चिंचा. शिवप्पांच्या घरी कशाची कमी नव्हती. त्यांनी ते सगळं केराबाईला लावून दिलं होतं. पिशवी आली की मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारायचे, ‘केराबाई, दाणे घे.’ तिचा पगार खोलीच्या भाड्यात आणि म्हातारीच्या औषधात जायचा. भाकरी व्हायची ती या पिशव्यांतून. घरी गेल्या गेल्या बजाबाई पहिली चौकशी हीच करायची, आज पिशव्या आल्या का.

मग बिघडलं कुठे? बिघडलं बाहेरगावच्या गिऱ्हाइकात. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला लांबलांबून माणसं यायची, चादरी घ्यायची आणि पिशवीसकट गाडीत बसायची. कोण येणार पुण्याहून पिशवी परत द्यायला? पिशव्यांचा ढीग खाली जाऊ लागला. केराबाई शिवून शिवून किती शिवणार? तेव्हा हरिदासने सुचवलं, अण्णा, बाहेरच्यांसाठी प्लास्टिकच्या छापून घेऊ. अशी मी त्या दुकानात आले आणि काउंटरमागच्या खिळ्याला नमुन्यादाखल लटकले.

शिवप्पा विचारी माणूस होते. फुकट मिळालेली वस्तू माणूस रस्त्यात टाकतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून त्यांनी आमची किंमत ठेवली, चार आणे. ज्यांना परत यायचं नाही त्यांनी पैसे देऊन प्लास्टिकची न्यावी, ज्यांना यायचं आहे त्यांनी कापडी उसनी न्यावी. केराबाईलाही ते पटलं. तिला आमची कसली भीती वाटली नाही. उलट बोट लावून बघितलं आणि हसली.

पण माणसांना ते पटेना. बाहेरच्या गिऱ्हाइकांनी कुरकुर सुरू केली, त्याला कापडी अशीच देता आणि आम्हाला ही विकत का? त्यातच एकदा मंगळवारी कापडी पिशव्या संपल्या होत्या आणि जोतीराम आला. जोतीराम मोहोळकडचा शेतकरी, दुकानाचा जुना माणूस, पिशवी परत करताना हमखास शेंगा घालून आणणारा. त्याला हरिदासने प्लास्टिकची पुढे केली आणि चार आणे मागितले. जोतीरामने ती वर धरून सगळ्यांना मोर दाखवला. म्हणाला, “तुमचं नाव आमी गावभर मिरवायचं, आन् पैसंबी आमीच द्यायचं व्हय?” दुकानातली माणसं हसली. शिवप्पांच्या मनाला मात्र ते लागलं.

भेदभाव केला असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवसापासून एकच नियम केला. कापडी असो की प्लास्टिकची, पिशवीला चार आणे. सगळ्यांना सारखं. त्यांच्या दृष्टीने हा न्याय होता, आणि वर पैसे दिले म्हणजे माणसं पिशवी जपतील, हाही हिशेब होता. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

माणसांनी पिशव्या जपल्या. जपल्या म्हणजे घरीच ठेवल्या. पुढच्या बाजाराला जोतीराम आला तेव्हा त्याच्या हातात दुकानाचीच कापडी पिशवी होती आणि तिच्यात त्याचा भाजीपाला होता. केराबाईने सवयीने हात पुढे केला. त्याने पिशवी मागे घेतली. “पैसं दिल्यात की, बाई. आता माजीच हाय ती.” त्याच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. खरंच होतं ते. त्याने पैसे दिले होते.

आठवड्यामागून आठवडे गेले. पिशव्या येईनात, त्यामुळे दाणेही येईनात. धुवायला काही नाही, ठिगळ लावायला काही नाही. केराबाई पायरीवर बसून राहायची. तिचा चेहरा सुकत चालला होता. हरिदासने एकदा विचारलं, मावशी, जेवण झालं का, तर म्हणाली, झालं की. झालं नव्हतं. मी खिळ्यावरून सगळं बघत होते आणि मला काही वाटत नव्हतं.

शेवटी तिनेच शिवप्पांपुढे तोंड उघडलं. एरवी ती त्यांच्यापुढे फार बोलत नसे. म्हणाली, “मालक, इकलेलं परत येत न्हाय. उसनं दिलेलं येतं. पैसं घेऊ नगा.”

शिवप्पांनी ते मनावर घेतलं. पण अर्धंच. त्यांनी चार आणे बंद केले. आता उसन्या द्यायच्या म्हटलं, तर कापडी पिशव्या शिल्लक होत्या कुठे? त्या सगळ्या घरोघरी भाजी वाहत होत्या. पुन्हा कापड घ्या, शिवा, धुवा, आणि परत येतील याची खात्री नाही. हरिदास म्हणाला, अण्णा, त्यापेक्षा ही स्वस्त पडते, ही सगळ्यांना अशीच देऊन टाकू, दुकानाचं नावही होईल. हरिदास वाईट माणूस नव्हता. तो दुकानाचं भलं बघत होता, आणि त्याचं काम तेच होतं.

मग काय, फुकट ते पौष्टिक. आमच्यावर उड्या पडल्या. एका चादरीवर दोन दोन पिशव्या मागून न्यायचे लोक. कुणी रेडिओवर घालायला, कुणी सायकलच्या सीटवर. त्या काळी आमचं कौतुकही फार होतं. बायका आम्हाला धुवून दोरीवर वाळत घालायच्या, घडी करून गादीखाली ठेवायच्या. पण आम्ही इतक्या झालो की कौतुक सरलं. माझ्या बहिणी गटारात गेल्या, माळावरच्या बाभळींना लटकल्या. आम्हाला परत कुणी आणलं नाही. आणायचं कारणच नव्हतं.

केराबाईला काम उरलं नाही. शिवप्पांनी एका दुपारी तिला बोलावलं. ठेवणीतली चांगली चादर काढली, खिळ्यावरची मला ओढली, चादर माझ्यात घातली आणि तिच्यापुढे सरकवली. म्हातारीला होईल, एवढंच म्हणाले. तिच्याकडे बघितलं नाही. उद्यापासून येऊ नको हे त्यांना बोलवलं नाही आणि तिला ते सांगावंही लागलं नाही.

तिच्या खोलीत मी काही दिवस होते. चादर तिने बजाबाईच्या अंगावर घातली. म्हातारीने मला चाचपून बघितलं आणि विचारलं, ही कसली गं, वाजणारी? केराबाईने मला धुतलं, पुसलं, घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलं. दिवसभर ती घरोघर काम विचारत फिरायची. कुठे मिळालं नाही. मग एकदा सासूला म्हणाली, आत्या, गावाकडं जाऊ, तिकडं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला बाया घेत्यात. बजाबाईने अंगावरची चादर काढून घडी घालायला घेतली.

निघायच्या सकाळी केराबाईने पेटीतून मला बाहेर काढलं. डब्यात तळाला थोडी ज्वारी होती. त्यातली मूठभर तिने माझ्यात घातली. बजाबाईला आवाज ऐकू आला. ती कळवळून म्हणाली, अगं, तेवढीच हाय, गावाला गेल्यावर काय खायचं? केराबाई म्हणाली, लोकाचं ठिवून गाव सोडू नये, आत्या. म्हातारीला एसटी स्टँडवर बसवून ती मला घेऊन दुकानात आली.

बाजाराचा दिवस होता, गर्दी होती. तिने मला शिवप्पांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांना कळेना.

“ही परत कशाला आणलीस, केराबाई? फुकटची होती की.”

“फुकटची मंजी कुणाची, मालक? तुमी चादर दिली मला. पिशवी कुटं दिली हुती?”

शिवप्पांनी माझ्यात हात घातला. बोटांना ज्वारी लागली. कितीतरी दिवसांनी त्या दुकानात पिशवी परत आली होती, भरून. त्यांचा हात तसाच राहिला, मान आपोआप मागच्या दाराकडे वळली आणि तोंडातून हाक गेली, “केराबाई, दाणे घे.”

पायरीवर कुणी नव्हतं. केराबाई समोरच उभी होती.

“आता तुमीच ठिवा, मालक,” ती म्हणाली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाली.

शिवप्पांनी त्या दिवशी पुढचं गिऱ्हाईक हरिदासवर सोडलं. मला त्यांनी कुणाला देऊ दिलं नाही. ज्वारीला पुढे किडे लागले तेव्हा हरिदासने ती पाखरांना टाकली. मी माळ्यावर गेले. शिवप्पा गेले, हरिदास म्हातारा झाला. माझ्यावरचा मोर पुसट झाला, पण मी आहे. आम्ही असतोच. केराबाईचं पुढे काय झालं ते त्या दुकानात कुणालाच कळलं नाही.

मित्रांनो, दुकानदाराने आमचे पैसे घ्यावेत की घेऊ नयेत, यावर मोठी माणसं अजून भांडतात असं खालून ऐकू येतं. भांडू द्या त्यांना. मी दोन्ही बघितलंय. पैसे घेतले तेव्हा केराबाई उपाशी राहिली, आणि फुकट वाटल्या तेव्हा तिला गाव सोडून जावं लागलं. तुम्ही घरातून निघतानाच आपली पिशवी घेऊन निघा. कधी कुणाची आणलीत, तर ती आपली नाही हे लक्षात ठेवा, धुवा, परत नेऊन द्या, आणि जमेल तेवढं काहीतरी तिच्यात घाला. ती मूठ कुणाच्या तव्यावर जाते हे तुम्हाला दिसत नाही. मला दिसत होतं. पण मला भूक लागत नाही, मित्रांनो. तुम्हाला लागते, म्हणून तुम्हाला सांगितलं.