मास्तरांनी दिलेला जन्मदिवस

आमच्या धनश्रीच्या पप्पांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा जन्म पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीसचा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण सुरतेत ज्याला ज्याला सांगितलं त्यानं माझ्याकडेच येड्यासारखं बघितलं. ते एक्कावन्न सालचे, भुईमूग काढायच्या दिवसांतले. सासूबाईंना पक्कं आठवतं. बाळंत त्याच झाल्या होत्या.

पण अमळनेरजवळच्या आमच्या गावात शाळा निघाली तेव्हा मास्तरांना पोरांच्या तारखा हव्या होत्या. कोणाच्या आईनं भुईमूग सांगितला, कोणाच्या आईनं पोळ्यानंतरचा सोमवार. मास्तर देशभक्त, त्यात आळशी. साहेब तपासणीला येणार म्हणून त्यांनी एका दुपारी नऊ पोरांच्या नावापुढं एकच तारीख ओढली, पंधरा ऑगस्ट एकोणीसशे सत्तेचाळीस. लोटू आणि हिलाल हे सख्खे भाऊ, तीन वर्षांचं अंतर. तेही मास्तरांच्या कृपेनं एकाच दिवशी जन्मले.

चाळीस वर्षं त्या तारखेनं कोणाचं काही वाकडं केलं नाही. आम्ही सुरतेला नवागामात खोली घेतली, हे उधन्याला पावरलूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात लागले. शेठचा एकच कायदा होता. पन्नाशीचा माणूस मागावर नको, त्याला तुटलेला धागा दिसत नाही. शेठनं अलीकडं वय विचारलं तेव्हा यांनी बेचाळीस सांगितलं होतं आणि दर रविवारी मी केसांना काळं लावून देत होते. खात्यात दाखला मागतंय कोण?

मग सत्त्याण्णव साल आलं. देशाला पन्नास वर्षं झाली आणि आमच्या मित्रमंडळाचे अध्यक्ष कुंदनभाऊ यांच्या अंगात आलं. देशाबरोबर जन्मलेल्यांचा सत्कार करायचा, नगरसेवकाला बोलवायचं. गावकऱ्यांचे शाळेचे दाखले त्यांनी गोळा केले आणि त्यातले तीन बघून हरखूनच गेले. निंबा म्हणजे आमचे हे, आणि लोटू, हिलाल.

"वहिनी, देशाचा आणि निंबाभाऊंचा वाढदिवस एक. मंडळाचं भाग्य आहे," ते आमच्या दारात उभं राहून म्हणाले.

"भाऊ, ती तारीख मास्तरांची आहे. आणि पन्नास वय शेठच्या कानावर गेलं तर यांचं काम जाईल."

"शेठ कशाला येतोय आपल्या मंडपात?"

मी यांच्याकडं बघितलं. शाल अजून दुकानात होती, पण यांच्या अंगावर ती चढली होती. हळद लागली तो दिवस सोडला तर या माणसाला कोणी कधी पाटावर बसवलं नव्हतं. मलाही आतून बरंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. म्हणून मी गप्प बसले, तेच चुकलं माझं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि कुंदनभाऊंनी खिशातून चिठ्ठी काढली. म्हणाले, आजच्याच दिवशी नेपोलियन जन्मला, आजच्याच दिवशी पनामाचा कालवा सुरू झाला, आजच्याच दिवशी कोरिया देश मोकळा झाला, आणि आजच्याच दिवशी आपले निंबाभाऊ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेपोलियन कोण ते मला ठाऊक नाही, पण त्याची तारीख लिहिताना त्याच्या आईला तरी विचारलं असेल.

लोटू-हिलालना त्यांनी जुळे म्हणून उभं केलं. नगरसेवकानं कौतुकानं विचारलं, दोघांत थोरला कोण? हिलाल भोळा. "मी, तीन वर्षांनी," म्हणाला. कुंदनभाऊंनी माईक ओढून घेतला आणि "तीन मिनिटांनी" असं जाहीर केलं. नगरसेवकानं मान डोलावली, सगळ्यांना शाल आणि नारळ मिळाला, आणि एक फोटोवाला फोटो काढून गेला.

दोन दिवसांनी तो फोटो गुजराती छाप्यात आला. फोटोत पुढं हेच होते, मागं बाकीच्यांची नुसती डोकी. खाली यांचं नाव आणि वय, पन्नास. शेठ मंडपात आला नव्हता हे खरं. पण सकाळचा चहा तो छापा वाचल्याशिवाय घेत नव्हता.

त्याच दिवशी यांना मागावरून उतरवलं. बावीस वर्षांचं काम चहाचा कप संपायच्या आत गेलं. मी तशीच कुंदनभाऊंकडं गेले. म्हटलं, मंडळाच्या कागदावर लिहून द्या की तारीख चुकीची आहे.

"वहिनी, असं कसं लिहू? नगरसेवकांच्या हस्ते झालंय. आता तो इतिहास आहे."

मग मी गावाहून सासूबाईंना बोलावलं. भुसावळ पॅसेंजरनं त्या आल्या, आम्हा दोघांना घेऊन, नऊवारी सावरत थेट शेठसमोर उभ्या राहिल्या. "बाळंतीण मी व्हयनू का तो मास्तर?" त्यांनी विचारलं. शेठ हसला. माणूस वाईट नव्हता, खुर्ची दिली. "माजी, बात बराबर. पण कागळ तो कागळ."

सासूबाईंनी पिशवीतून स्वतःचा कागद काढला, रेशनकार्ड. शेठचा हिशेब लिहिणाऱ्या मेहताजीनं त्यावरचं वय वाचलं, अठ्ठावन्न. मग बोटांवर मोजलं, परत मोजलं आणि म्हणाला, शेठ, दाखला खरा धरला तर या माजींना आठव्या वर्षी मुलगा झालाय.

मला वाटलं, जिंकलो. आता तरी याला दिसेल.

शेठनं रेशनकार्ड आणि आम्ही नेलेला शाळेचा दाखला शेजारी ठेवले, दोन्ही शिक्के बघितले. मग यांना म्हणाला, "शाळेचा कागद खरा असेल तर तू पन्नासचा. मला चालत नाही. खोटा असेल तर मग तू खोटा कागद दाखवून शाल घेतलीस. खोटा माणूस मला त्याहून चालत नाही." त्यानं दोन्ही कागद नीट घडी करून परत दिले, सासूबाईंना चहा पाजला आणि फाटकापर्यंत सोडायला आला.

शाल आता सासूबाई पांघरतात. कुंदनभाऊंकडं बघितलं की माझं डोकं फिरतं, पण त्यांच्यापेक्षा जास्त राग मला आमच्याच माणसाचा येतो. सेहेचाळीस वर्षांचा गडी, महिनाभर घरी काय बसला, उठताना गुडघ्यावर हात टेकायला लागला. परवा मी केसांचं काळं भिजवलं तर म्हणाले, "राहू दे सुंदरा. आता कोणासाठी?"