मिशी खुंटीला

“याला हात लावला की मला शिंकाच येतात,” माझ्यावरून फडकं फिरवत या घरची लेक पुटपुटली.

मित्रांनो, शिंक मलाही आली असती, पण पुस्तकाला नाक कुठलं? मी एक जुनं चित्रांचं पुस्तक आहे. बत्तीस पानं, एक टाका सुटलेला. माझ्यातली गोष्ट इथल्या बाबांनी लिहिली. चित्रं आईंनी काढली. स्वयंपाक उरकला की ओट्यावरच कागद पसरायचा आणि चहाच्या बशीत रंग कालवायचे.

अकराव्या पानावर बाबांनी दोनच शब्द लिहिले होते : ‘राजा झोपला.’ आईंनी काय करावं? राजाची मिशी काढून खुंटीला टांगली आणि तिच्यावर एका उंदराला झोके घ्यायला बसवलं. मुलं ते पान उलटूच देत नसत. घरात कुणाला जांभई आली की बाकीचे म्हणत, “चला, मिशी खुंटीला.”

कौतुक पुष्कळ झालं. पाहुणे बाबांना म्हणत, “मिशी काय सुचली हो तुम्हाला!” बाबा नुसते हसत. आई कपबशा उचलत. माझ्या मुखपृष्ठावर नाव एकच आहे. मुलं मोठी झाली आणि माझी रवानगी कपाटाच्या वरच्या फळीवर झाली.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आता माझी नवी आवृत्ती निघणार म्हणून मला खाली काढलंय. लेकीच्या थोरल्या भावानं टेबलावर नमुन्याची पानं मांडली.

“शब्द बाबांचे, तसेच ठेवायचे. चित्रं मात्र नवी. जुनी फिकी पडलीत म्हणे. चालेल ना, आई?”

“तुम्हाला बरं दिसेल ते करा,” आई म्हणाल्या आणि माझा सुटलेला टाका बोटानं आत सारत राहिल्या.

भावाची छोटी मुलगी नवं अकरावं पान न्याहाळत होती. राजा चकचकीत, मिशी जागच्या जागी.

“आजी, मग उंदीर कशावर बसणार?”

“अगं, गोष्टीत लिहिलेलं असेल ना. काढायला सांगू,” म्हणत भावानं मला ओढून घेतलं. हे पान पाहिलं, मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. दोनच शब्द. त्याचं बोट तिथंच थांबलं.

मित्रांनो, पानं उलटायची घाई करू नका. चित्रापाशी थांबा, आणि ते कुणी काढलं तेही विचारा. एवढंच माझं मागणं.

लेकीनं फडकं खाली ठेवलं.

“शोधू नकोस, दादा. मिशी बाबांची नव्हतीच कधी,” ती म्हणाली. “मिशी आईची आहे.”