तिसऱ्या भागात मला उडवायचं ठरलं होतं

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे, पण माझं वय विचारलंत तर मला सांगता येणार नाही. माझा सांगाडा लष्कराच्या लिलावातला, इंजिन पावाच्या गाडीचं, आणि दरवाजे कुठून आले ते जोडणाऱ्यालाही आठवत नव्हतं. घाना देशातल्या कुमासी शहरात सुआमे म्हणून फिटरांची मोठी वस्ती आहे. तिथे हे सगळे तुकडे एकत्र आले आणि मी चालू लागले. काही वर्षं मी कोकोची पोती वाहिली. मग बाफुर अदू-त्वुम या सिनेमावाल्याने मला विकत घेतलं.

बाफुर मारामारीचे सिनेमे काढायचा. त्याचा 'सार्जंट ओबो' गुंडांच्या मागे मला भरधाव पळवायचा. सार्जंट व्हायचा आसिएडू. रुंद छाती, भारदस्त आवाज. पण खरं सांगायचं तर त्याला गाडी चालवताच यायची नाही. चालवायची बाफुरची भाची सेरवा. ती आसिएडूचा शर्ट घाली, टोपी डोळ्यांवर ओढी आणि कॅमेरा पाठीमागे ठेवला जाई.

पहिला भाग लागला तेव्हा लोक थिएटरच्या खिडक्यांवर चढून बसले. रस्त्यात मी दिसले की मुलं "ओबो! ओबो!" ओरडत मागे धावत. मला नवे टायर मिळाले, रोज धुणंपुसणं होऊ लागलं. दुसरा भागही चालला. आसिएडूला बाजारात फुकट केळी मिळत. सेरवाला कुणी ओळखत नसे.

पुढे काळ बदलला. लोक फोनवर सिनेमे बघू लागले. शहरात मॉल झाला, त्यात थंडगार थिएटर आलं. बाफुरचं काम थांबलं आणि मी अंगणात पडून राहिले. माझ्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. सेरवा तेवढी अधूनमधून येऊन मला सुरू करून बघायची.

एके दिवशी बाफुर अंगणात आला आणि माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "तिसरा भाग करतोय. ईस्टरला लावायचा. आणि शेवटी हिला स्फोटात उडवायचं. खरंखुरं!"

"मामा, डोकं फिरलंय का तुझं?" सेरवा म्हणाली. "मग चौथ्या भागात सार्जंट काय बकरीवर बसून जाणार?"

"चौथा निघायला आधी तिसरा चालायला हवा ना? त्याच आठवड्यात मॉलमध्ये परदेशातला सिनेमा लागतोय. त्यांच्याकडे विमानं आहेत, जहाजं आहेत. माझ्याकडे काय आहे? ही एक जीप."

तिसरा पडला तर पुढे काहीच नाही, हे तिलाही कळत होतं. जाता जाता ती म्हणाली, "निदान ब्रेक तरी बघून घे. पेडल फार खाली जातंय."

"शनिवारी उडवायचीच आहे, आता कशाला खर्च?"

शुक्रवारी शहराबाहेरच्या दगडाच्या खाणीत चित्रण होतं. गोष्टीत सार्जंट जखमी होतो आणि एक शिपाई त्याला दवाखान्यात नेतो. म्हणून आसिएडू शेजारी बसला. शिपाई सेरवा. तिला खोटी मिशी चिकटवली होती, वर हेल्मेट.

"चांगली दिसतेस गं. तुझ्या बापासारखी!" आसिएडू हसला.

"तू कण्हायचं काम कर. बोलायचं नाही," सेरवा म्हणाली.

उतारावर मी वेग घेतला. वळण आलं. सेरवाने ब्रेक दाबला आणि पेडल थेट खाली टेकलं. माझ्या अंगात ब्रेक उरलाच नव्हता. आसिएडू लहान मुलासारखा किंचाळला. सेरवाने गियर खाली आणला, मला खाणीच्या भिंतीला घासवलं आणि वाळूच्या ढिगात घुसवलं. मी एका अंगावर कलंडले. हेल्मेट उडालं, मिशी वाऱ्यावर गेली. इंजिनातून धूर निघू लागला. सेरवाने त्या धिप्पाड माणसाला काखेत हात घालून ओढून बाहेर काढलं. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं.

कॅमेरावाल्याने कॅमेरा थांबवला नव्हता. बाफुरने तिकडे पाहिलंही नाही. तो धावत आला आणि भाचीसमोर वाळूत मटकन बसला. "मी सांगितलं होतं, मामा," ती एवढंच म्हणाली.

आसिएडू दवाखान्यात गेल्यावर उडवण्याचा बेत मोडला. ईस्टर तर तोंडावर आला होता. बाफुरने जे झालं तेच सिनेमात ठेवायचं ठरवलं.

"माझं किंचाळणं तरी काढून टाका हो," आसिएडू विनवू लागला.

"अख्ख्या सिनेमात तेवढंच खरं आहे," बाफुर म्हणाला.

पुढचं मी सेरवाच्या तोंडून ऐकलं. पहिल्या दिवशी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ती शेवटच्या रांगेत बसली होती. पडद्यावर मिशी उडाली. तशी केंके, म्हणजे मक्याचे आंबवलेले गोळे, विकणारी एक बाई ओरडली, "अगं बाई, ही तर पोरगी आहे! म्हणजे इतके दिवस ओबोची जीपही हीच चालवत होती का?" अख्खं थिएटर उठून उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी तेच लोक आपापल्या घरच्यांना घेऊन आले. मॉलमधला सिनेमा आपल्या जागी जोरात चाललाच. पण आमच्या थिएटरमध्ये तो प्रसंग आला की सगळे मिळून ओरडत, "मिशी! मिशी!" आणि मालकाने ईस्टरनंतरही सिनेमा उतरवला नाही.

आता चौथा भाग निघतोय. पोस्टरवर सेरवाचा चेहरा आहे, मिशीशिवाय. बाफुरला मीही हवी होते. "लोक जीप बघायला येतील," तो म्हणाला. सेरवाने ऐकलं नाही. माझा सांगाडा वाकला आहे. आता मला पळवणं कुणाच्या तरी जिवावर बेतेल, हे तिला माहीत आहे. तिने दुसरी गाडी घ्यायला लावली. चित्रणाआधी ती स्वतः त्या गाडीखाली शिरते आणि आसिएडू निमूटपणे टॉर्च धरून उभा राहतो.

चौथा भाग चालेल की पडेल, कुणालाच माहीत नाही. मला पडद्यावर जायची हौस होती, नाही कशाला म्हणू? पण मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. जी वस्तू उद्या मोडायची आहे, तिच्याकडेही आज नीट लक्ष द्या. आज तिच्यात कुणीतरी बसलेलं असतं.